लंकेतली रिक्षा

९ फेब्रुवारी, रविवार. नेगॉम्बो

लोक परदेशात जाऊन काय काय करतात! माझ्या नवऱ्याने काय केलं? रिक्षा घेतली. भाड्याने!

नागाव-अलिबाग, अलिबाग-रेवदंडा, उभा जन्म तीन चाकांवर काढला. पहिल्यांदा विमानात बसला, श्रीलंकेत उतरला आणि म्हणतो काय, "सुची, हितं टुरिस्टला रिक्षा चालवाला देतात. सोता! लायसनचे कागद पन तेच करून देतात." दुकानवाला त्याला ब्रेक कुठे, गिअर कुठे समजावत होता आणि हा गंभीर चेहऱ्याने मान डोलावत होता. मला हसू आवरेना. मग "एक चक्कर मारून दाखवा" म्हणाला, तर परेशने त्या बोळातून एका दमात रिक्षा उलटी फिरवून आणून त्याच्या पायाशी उभी केली. दुकानवाल्याने पुढचं काहीच शिकवलं नाही.

लाल आहे. आपल्याच देशातून आलेली. मागे बसले आणि वाटलं, नागावच्या स्टँडवरून बाजाराला निघालेय.

का आलोय ते लिहून ठेवते. पनवेलच्या डॉक्टरीणबाई तिसऱ्यांदा "सॉरी" म्हणाल्या, त्या दिवशी परेश वडखळपर्यंत बोलला नाही. मग म्हणाला, "आता बास. तुझ्या अंगाची चालन झाली." पुढच्या उपचारांसाठी ठेवलेले पैसे होते — त्यात फिरून येऊ म्हणाला. मी म्हटलं, फिरू. पण मग मूल दत्तक घेऊ.

यावर गप्प! वर्ष होत आलं. हा विषय काढला की याला रिक्षाचं ऑइल बदलायचं आठवतं. नागावला आमच्या दोन खोल्या पाहुण्यांना देतो, तर कुणा पाहुण्यांचं तान्हं रडलं की हा आधी धावतो, खांद्यावर घेऊन वाडीभर फिरवतो. आणि मी दत्तक म्हटलं की ऑइल! विमानात बसण्याआधी वचन घेतलंय. हो किंवा नाही — घरी परतायच्या आत सांगायचं. "सांगतो," म्हणालाय. बघू.

१० फेब्रुवारी

दिवसभर समुद्र उजव्या हाताला. रेवदंड्याला जाताना असतो तसाच. मी मागच्या सीटवर आडवी, पाय बाहेर. इकडे कोण बघतंय!

हे सगळं आपलंच आहे आणि आपलं नाही. माडाच्या वाड्या, फणस, जास्वंदीची कुंपणं, दारात वाळत घातलेली मासळी — वास तर थेट आमच्या कोळीवाड्यातला. डोळे मिटले की घर. उघडले की दुकानांच्या पाट्यांवर अक्षरांच्या जिलब्या. झोपेत आपलाच गाव दिसावा आणि त्यात ओळखीचं एकही माणूस भेटू नये, तसं होतंय मला. पण भीती वाटत नाही. उलट वाटतं, असंच जात राहावं, कुणी उठवू नये.

परेश पुढे गुणगुणतोय. त्याची मान मागून बघत बसले. कानामागे दोन केस पांढरे झालेत. कधी झाले?

आयेचा फोन. माझी सासू — दोन्ही खोल्या तिच्यावर टाकून आलोय. "जेवलीस का गो? अजून नाय? मंग तिकरं गेलीस कनाला?" पुण्याचे पाहुणे आलेत म्हणे, सोलकढी मागून मागून पितात. परेशला फोन दिला. "हां आये. बरा हाय. नाय, काय नको." एवढंच. त्याचं नेहमीचं — काय नको.

११ फेब्रुवारी

मी विचारलं नाही. त्याने सांगितलं नाही. समुद्र फार सुंदर होता.

१२ फेब्रुवारी, पौर्णिमा

जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही!

इकडे पौर्णिमेला सगळ्यांना सुट्टी. झाडून सगळे पांढरे कपडे घालून देवळात जातात. रस्त्याने नुसती पांढरी माणसं, हातात चाफ्याची फुलं, उन्हात तरंगत चालल्यासारखी. तंगाल्ल गाव मागे टाकलं. एका वळणावर एक म्हातारी एकटीच उभी, पांढरं लुगडं, छत्री. तिने हात केला. आणि परेशने करकचून ब्रेक मारला!

ती चढली. माझ्या मांडीवरची पिशवी ढकलून ऐसपैस बसली. पुढे बोट दाखवलं. आणि हा माणूस मान वळवून चक्क मराठीत म्हणतो, "बसल्याव का? धरा नीट." आणि निघाला!

"अहो! आपण इथे भाडी मारायला नाही आलो!"

"हात केला ना त्यांनी."

झालं. विषय संपला. हात केला की थांबायचं, बस्स. पुढे आणखी कुणी उभं असतं तर तेही बसलं असतं. म्हातारी अखंड बोलत होती, मी अखंड मान डोलावत होते. तिला वाटलं असेल, ही मुकी सवारी आधीच बसलीय. तिच्या अंगाला चाफ्याचा आणि कापराचा वास येत होता.

एका माडाच्या गल्लीशी तिने परेशच्या खांद्यावर थाप मारून थांबवलं आणि कमरेचा बटवा काढला. परेशने हात जोडले, मान हलवली. तिने पैसे पुन्हा पुढे केले. याने पुन्हा हात जोडले. तेव्हा कुठे तिने त्याच्या तोंडाकडे नीट पाहिलं. मग माझ्या मंगळसूत्राकडे. मग मागच्या बॅगांकडे. "इंडिया?"

कपाळावर हात मारून घेतला तिने. आणि हसायला लागली — पदर तोंडाला लावून, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. परेशच्या पाठीत एक धपाटा घातला. मग माझी बॅग उचलली आणि चालायला लागली. आम्ही तिच्यामागे. काय करणार? बॅग तिच्याकडे!

तिचं नाव सोमावती. आम्ही अम्मा म्हणतो, इथे सगळे म्हणतात. घर छोटं, कौलारू, मागे खाडी. तिने पहिला प्रश्न विचारला त्यातला "बत्" एवढा शब्द कळला. भात! जेवलात का विचारतेय! मी नाही म्हटलं आणि तिथे आमची सुटका संपली. लाल तांदळाचा भात, फणसाची भाजी, डाळ, खोबऱ्याची लालभडक चटणी. पौर्णिमा म्हणून मासळी नाही. "उद्या," असं तिने हाताने मासा पोहवून सांगितलं.

आम्ही जेवेपर्यंत ती स्वतः जेवली नाही. वर्तमानपत्राची घडी करून वारा घालत बसली. पाहुण्यांच्या ताटावर लक्ष ठेवणं हा माझा धंदा आहे. कुणाला वाढायचं, कुणी लाजतंय, मला लांबून कळतं. पण माझ्या ताटावर कुणीतरी असं लक्ष ठेवलंय, असं लग्नानंतर हे पहिल्यांदाच. तिने पाणी पुढे केलं.

खाडीवर चांदणं पडलंय. माघाची पौर्णिमा घरीही हीच असणार. आम्हाला आतली खोली दिलीय, पलंगावर गुलाबी उशी.

१३ फेब्रुवारी

निघू दिलं नाही. मासळी खाल्ल्याशिवाय कसले जाताय! असंच म्हणाली असणार, आवाज तरी तसाच होता.

अम्मा काथ्याच्या दोऱ्या वळते. नारळाची सोडणं, वरची केसाळ सालं, खाडीच्या पाण्यात कुजवायची, बडवायची, सुकवायची. मला तिने नारळ खवायला बसवलं — बाकड्याला पातं लावलेलं, आपल्या विळीचंच भावंड. मी पटापट दोन खवले तेव्हा तिने आत जाऊन आणखी दोन आणून ठेवले. बरं वाटलं! पाहुणी म्हणून बसून राहायचा कंटाळा आला होता.

परेश मात्र अगदी शहाणा पाहुणा. सकाळी तिच्या आधी उठला. चादरीची घडी घातली, काठाला काठ जुळवून. आपली ताटली स्वतः धुतली, तिने ओढून घेतली तर कानकोंडा झाला. दुसऱ्यांदा वाढायला आली की ताटावर हात. मी चिडवलं, "अहो, तुम्ही तर घरी पण असेच वागता! लॉजवर राहिल्यासारखे!"

हसला नाही.

चुकलंच माझं. आये त्याची आई नाही — मावशी. त्याची आई तो लहान असताना गेली, पेणकडच्या गावात. बापाने दुसरं लग्न केलं. मावशीला मूलबाळ नव्हतं, नवराही नव्हता. ती जाऊन याला हाताला धरून नागावला घेऊन आली. गावात सगळ्यांना माहीत आहे आणि कुणी बोलत नाही. मला त्याने लग्नाआधी एकदाच सांगितलं, भाडं सांगावं तसं भराभर. पुन्हा कधी नाही.

संध्याकाळी दिलीनी आली. मला वाटलं अम्माची नात. एकोणीस-वीसची असेल, समुद्रावरच्या हॉटेलात काउंटरवर असते, चार दिवस तिकडे, तीन दिवस इकडे. इंग्रजी छान. आता आम्हाला जीभ मिळाली. अम्माला ती "लोकू अम्मा" म्हणते. मोठी आई. दोरीवरचे वाळलेले कपडे काढता काढता तिनेच सांगितलं: नात नाही, कुणीच नाही. तिची आई कुवेतला घरकामाला गेली तेव्हा शेजारच्या सोमावतीकडे हिला ठेवून गेली. "दोन वर्षांत येते," म्हणाली होती. पत्रं आली, मग थांबली. बसची वेळ सांगावी तसं सांगितलं पोरीने. वर विचारते, उद्या तुम्हाला कासवं बघायची आहेत का?

परेश अंगणात अम्माबरोबर काथ्या वळत होता. त्याचे हात थांबले होते.

१४ फेब्रुवारी

सकाळी भांडण!

जाग आली ती भांड्याच्या आवाजाने. दिलीनी स्वयंपाकघरात ओरडत होती. भाषा कळत नव्हती, पण "रूम" कळलं, "पिलो" कळलं. देवा! तो पलंग तिचा. गुलाबी उशी तिची. अम्माने न विचारता तिचं सामान गाठोड्यात बांधून माळ्यावर टाकलं आणि आम्हाला खोली दिली. रात्री आमच्यासमोर पोरगी गोड हसली आणि बाहेर ओटीवर झोपली. आता सगळं बाहेर काढत होती.

अम्माही कमी नाही. ती दुप्पट ओरडली. झाकण आपटलं — कुणी, ते दिसलं नाही. मग दिलीनी तरातरा बाहेर गेली आणि झाडाखाली आमच्याकडे पाठ करून बसली. मी लाजेने अर्धी झाले. बॅग भरायला घेतली तर अम्माने माझ्याच हातावर चापट मारली. तुझा काय संबंध, असं तोंड केलं!

मग ती थाळीत दुधातल्या भाताची वडी घेऊन झाडाखाली गेली. घास पुढे केला. पोरीने तोंड फिरवलं. ही दुसऱ्या बाजूला जाऊन बसली. पोरीने पुन्हा फिरवलं. अम्मा शिव्या देतेय आणि घास पुढे करतेय! शेवटी खाल्ला. रडत, रागातच. आणि खाता खाताही भांडत होती, भाताची शितं उडत होती.

परेश विहिरीपाशी उभा. तोंडात ब्रश. फेस हनुवटीवरून ओघळून शर्टावर गेला, त्याला पत्ता नाही. मी हाक मारली तर ऐकू गेलं नाही.

दुपारी तो दिलीनीला घेऊन बाजारात गेला, रिक्षाने. तिला उशी घेऊन द्यायची म्हणाला. मीही मागे बसले. त्याचं इंग्रजी पाहुण्यांना समुद्र-किल्ला दाखवण्यापुरतं, पण आज त्याने जुळवून जुळवून विचारलं. तुला भीती नाही वाटत, तिच्यावर ओरडायला?

"कसली भीती?"

"म्हणजे... ती बोलेल, निघ माझ्या घरातून."

दिलीनी खूप हसली. म्हणाली, "रोज बोलते! आणि मी गेले तर भांडायला तिला कोण मिळणार?"

मासळीबाजारापाशी गिअर चुकला त्याचा. परेशचा!

१५ फेब्रुवारी

सांगितलं.

खाडीच्या कडेला बसलो होतो. पाण्यात नारळाची सोडणं रचून ठेवलेली, वर दगड. पाणी चहासारखं. ऊन उतरलं होतं, पलीकडचे माड पाण्यात उलटे, आणि मला अगदी पेंग आली होती. आयुष्य इथेच थांबलं तरी चालेल असं काहीतरी वाटत होतं. तेवढ्यात तो म्हणाला, "सुची, नाय."

"काय नाही?"

"माझ्याच्यानं नाय व्हनार. पोर आनायचा."

मी म्हटलं, का? एवढं तरी सांगा.

दगडाने जमीन उकरायला लागला. मग जे बोलला ते त्याच्याच शब्दांत लिहून ठेवते. "आयेनं माना काय कमी नाय केला. सोताच्या ताटातला दिला. पन मी घरात पाहुना होतू गो. आजून हाय. भाजीत मीठ नसंल तं सांगत नाय. भूक लागली तं मागत नाय. वाटायचा, जास्ती मागितला आन तिनं परत नेऊन सोरला तं? ती सोरनार नाय, म्हाईत होता. तरी वाटायचा. आता आपन येक पोर आनायचा, आन त्याला पन जनमभर असा पाहुना करायचा? काय गुन्हा केलाय त्यानं?"

इतकी वर्षं मी त्याला समजूतदार समजत होते. सगळ्यांना सांगत होते, आमचे हे काही म्हणता काही मागत नाहीत! अभिमानाने सांगत होते.

वचन त्याने पाळलं. उत्तर मिळालं. मला राग यायला हवा होता. रडू आलं, आणि तेही माझ्यासाठी नाही, त्या ताटावर हात ठेवणाऱ्या पोरासाठी. त्याने माझं डोकं खांद्यावर घेतलं. काळोख व्हायच्या आत अम्माने हाक मारली — बत्!

१६ फेब्रुवारी

निघालो. तिसऱ्या दिवशी पाहुण्याची अक्कल जाते म्हणतात, आम्ही तर त्यापुढे गेलो.

अम्माने रस्त्यासाठी मासळी बांधून दिली. आंबट, काळी, केळीच्या पानात. यातलं आंबट आपल्या कोकमाच्या भावकीतलं, मी चवीवरून ओळखलं. पैसे द्यायला धजलो नाही, धपाटे पडले असते. दिलीनीने उशी काखेत धरूनच टाटा केला. अम्मा रिक्षापर्यंत आली, परेशचा शर्ट खांद्यावर नीट केला आणि काहीतरी बोलली. दिलीनीला विचारलं तर म्हणाली, "लोकू अम्मा म्हणतेय, हा माणूस फार कमी जेवतो. याच्या आईला सांगा."

परत येताना समुद्र डाव्या हाताला. परेश गुणगुणला नाही.

१८ फेब्रुवारी. नागाव

भाऊच्या धक्क्यावरून रेवसची लाँच. सीगल अजून आहेत, लोक त्यांना चिवडा फेकतात. घर आलं. आये फाटकात: "वालून आलीस गो!" मी वाळलेले नाही. परेशकडे बघितलं आणि नुसती त्याच्या हातातली बॅग घेतली.

जेवताना मी बघत होते. ती वाढते, तो हात आडवा करतो. ती पुन्हा विचारत नाही. तीही शहाणी यजमानीण! दोघं एकमेकांना किती जपतात. किती वर्षं.

२६ फेब्रुवारी

महाशिवरात्र. दोन्ही खोल्या भरल्यात. पनवेलच्या डॉक्टरीणबाईंचा नंबर मोबाइलमधून काढून टाकला. अलिबागला दत्तक देणारी संस्था आहे, तिचा काढायला गेले — बोट वळेना.

५ मार्च

आता मात्र राग येतोय. उशिरा आला, पण भरपूर आला. तुम्ही पाहुणे राहिलात म्हणून मी रिकामी राहायचं का? हे त्याला बोलले नाही. बांगड्याला मसाला लावता लावता बांगड्यांना बोलले.

१४ मार्च, धूळवड

काय लिहू! कुठून सुरुवात करू!

धूळवडीचं मटण. मुंबईचे पाहुणे आले होते, रंगून, भुकेले. आग्रह करकरून वाढलं आम्ही. परेश सकाळपासून गाडीवर — नागाव-अलिबाग, अलिबाग-नागाव, सणाला दम घ्यायला मिळत नाही. तो टळटळीत उन्हात उशिरा आला. आयेने ताट वाढलं. भाकरी, भात, आणि रश्शात नुसते बटाटे. पातेलं पाहुण्यांनी पुसून नेलं होतं.

परेश ताटाकडे बघत बसला. रोजच्यासारखं "असू दे" म्हणणार, म्हणून मी पाणी भरायला वळले.

"बटाटा?"

आये म्हणाली, "पाव्हनं व्हतं रं..."

"आन मी कोन हाय?"

एवढ्या जोरात! कोंबड्या उडाल्या. "येक फोड पन नाय ठेवलीस माझ्याकरता? शिमग्याचा सन! दरसाल त्याच! सगल्यांना वाढतेस, माना उरल्यालं! माझा घर हाय का लॉज हाय?" ताट सरकवलं, उठला, आणि तडक फाटकाबाहेर जाऊन रिक्षात बसला. मागच्या सीटवर. पाठ घराकडे.

आये हातात डाव घेऊन तशीच उभी. मला वाटलं आता ही कोसळते. म्हातारं माणूस, काय वाटलं असेल! तिचे ओठ हलत होते. मग तिने डाव ठेवला, वाटी घेतली आणि मागच्या दाराने निघाली. मी धावले. शेजारच्या प्राप्तीच्या दारात उभी राहून ती सांगत होती, "मटन हाय का गो? वाईस दे. परेश माझ्यावर रुसलाय." प्राप्तीने वाटी भरली. तरी ही पुढच्या दारात! "परेश रुसलाय ना माझ्यावर, काय करू, जेवत नाय!" अख्ख्या आळीला सांगून आली. डोळ्यांतून घळाघळा पाणी आणि तोंड असं, की जणू पोराला सरकारी नोकरी लागली!

मग रिक्षापाशी. "जेव."

"नको माना."

"जेव मेल्या! इतक्या वरसांत येकदा तरी तोंड उघरून मागितलंस का? माना काय सपान परतंय?"

"माना नको."

ती रिक्षात चढली. त्याच्या शेजारी बसली, भाकरी मोडली, घास त्याच्या तोंडाशी नेला. त्याने तोंड फिरवलं. तिने धरून ठेवला. मी फाटकातून घरात आले. तिथे माझं काही काम नव्हतं. माडाच्या सावलीत लाल-हिरवी झालेली पोरं पळत होती, दुपार सगळी रंगात भिजून झोपल्यासारखी, आणि रिक्षातून दोघांच्या भांडणाचा आवाज येत होता. किती वेळ येत होता! ऐकत ऐकत ओटीवर माझा डोळा लागला.

२० मार्च

परेश रिक्षा पुसत होता. मान वर न करता म्हणाला, "अलिबागला ती पोरांची संस्था, नक्की कुठं हाय?"

मी म्हटलं, "रिक्षावाल्याला माहीत नाही?"

आयेला त्यानेच सांगितलं. ती मासे कापत होती. "मंग माना काय इचारतंस? आन की!" आणि लगेच पुढे, "आज आमटीत चिंच जास्ती झाली का रं?" तो म्हणाला, झाली. ती खूश!

९ एप्रिल

अलिबागला जाऊन आलो. संस्थेतल्या बाई चांगल्या आहेत. घर, वाडी, आये, सगळं विचारलं. मग म्हणाल्या, "तान्हंच हवं असेल ना? तान्ह्यांसाठी फार थांबावं लागतं." मी हो म्हणणार, तेवढ्यात परेश बोलला, "तान्हं नको, मॅडम. सहा-सात वर्षांचं असलं तर बघा. ज्याला सगळं आठवतंय असं." बाईंनी पेन खाली ठेवलं. "मी मावशीच्या घरी आलो, तेव्हा तेवढाच होतो."

बाई माझ्याकडे बघत होत्या. मी हो म्हटलं.